मधुमेहात व्यायाम आणि योग: पहिले बारा आठवडे

डॉक्टरांनी गोळी लिहून दिली, “रोज चालायला जा” म्हणाले आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं. किती चालायचं, जेवणाआधी की नंतर, चालताना हातपाय थरथरले तर काय करायचं, हे विचारायचं राहूनच गेलं. अकरा वर्षांपूर्वी माझी सुरुवात अशी झाली. आजही नव्याने मधुमेह कळलेली माणसं भेटतात तेव्हा त्यांचे प्रश्न हेच असतात. त्या वेळी मला कुणीतरी समोर बसवून जे सांगायला हवं होतं, ते इथे क्रमाने लिहितो आहे. हे सगळं टाइप २ मधुमेहाबद्दल आहे. टाइप १ असेल किंवा गरोदरपणात साखर वाढली असेल तर हिशेब वेगळा असतो, तो तुमच्या डॉक्टरांकडूनच समजून घ्या.

दोन रविवारांचा प्रयोग

मला व्यायामाचं महत्त्व पटवलं ते ग्लुकोमीटरने, म्हणजे घरच्या घरी रक्तातली साखर मोजायच्या यंत्राने. एका रविवारी दोन पोळ्या, बटाट्याची भाजी, वरणभात असं जेवलो आणि नेहमीसारखा आडवा झालो. जेवायला बसल्यापासून दोन तासांनी साखर २१४. पुढच्या रविवारी मुद्दाम तेच जेवण, तेवढंच. पण या वेळी ताट उचललं, चपला बाजूला सारून बूट घातले आणि सोसायटीच्या आवारात साध्या चालीने पंधरा मिनिटं फेऱ्या मारल्या. दोन तासांनी साखर १७१. एका मोजणीवर विसंबू नये म्हणून पुढे कितीतरी वेळा मोजलं. फरक कधी थोडा पडला, कधी बराच, पण चाललो त्या दिवशी आकडा खालीच राहिला.

यामागचं कारण सोपं आहे. जेवणानंतर रक्तात आलेली साखर ठेवायची सगळ्यात मोठी कोठी म्हणजे आपले स्नायू. टाइप २ मध्ये इन्सुलिन असतं, पण स्नायू त्याला नीट दाद देत नाहीत. तेच स्नायू कामाला लागले की साखर आत ओढून घेणारी ग्लुट-४ नावाची प्रथिनं पेशीच्या आतून पृष्ठभागावर येतात, आणि त्यासाठी इन्सुलिनच्या निरोपाची वाट पाहावी लागत नाही. व्यायाम थांबल्यावरही एक-दोन दिवस स्नायू इन्सुलिनला जास्त चांगली दाद देतात. मग तो परिणाम ओसरतो. सलग दोन दिवसांपेक्षा जास्त खाडा करू नका असं सांगतात ते यासाठी. रविवारी दोन तास घाम गाळून उरलेले सहा दिवस खुर्चीत काढले तर फारसं काही हाती लागत नाही.

चरकांनी पहिलं बोट कुठे ठेवलं

प्रमेह म्हणजे आयुर्वेदातला लघवीच्या विकारांचा गट, मधुमेह त्यातच मोडतो. प्रमेहाची कारणं सांगणारा चरकसंहितेतला श्लोक सुरू होतो तो ‘आस्यासुखं स्वप्नसुखं दधीनि’ असा. दही, दूध, नवं धान्य, गुळाचे पदार्थ हे सगळं त्यात येतं, पण त्याच्या आधी येतं आस्यासुख, म्हणजे बसून राहण्याचं सुख, आणि मग स्वप्नसुख, म्हणजे झोपून राहण्याचं. मधुमेह म्हटलं की आपण आधी साखरेचा डबा कपाटात वर ठेवतो. चरकांची यादी मात्र आसनावर बसलेल्या माणसापासून सुरू होते, आणि मला तो क्रम फार मोलाचा वाटतो.

प्रमेहाचे वीस प्रकार सांगितले आहेत: कफाचे दहा, पित्ताचे सहा, वाताचे चार. मधुमेह हा वाताच्या चारांपैकी एक. आजच्या रक्त तपासणीवरून ठरणारा मधुमेह आणि ग्रंथांतला प्रमेह तंतोतंत एकच आहेत असं मी म्हणणार नाही, पण नाळ जुळते हे नक्की.

सुश्रुतांनी आणखी एक भेद केला आहे आणि व्यायाम सुरू करणाऱ्याला तो आजही उपयोगी पडतो. एक प्रमेह जन्मासोबत आलेला, सहज. तो माणूस कृश, रुक्ष, कमी खाणारा. दुसरा अपथ्यामुळे झालेला. तो माणूस स्थूल, भरपूर खाणारा, बसण्या-झोपण्याची आवड असलेला. दुसऱ्या गटातल्यांना सुश्रुत चांगलंच कामाला लावतात: व्यायाम, कुस्ती, घोड्यावरची रपेट, पायी हिंडणं. ज्याच्याजवळ पैसा नाही त्याने छत्री आणि पादत्राणांशिवाय, भिक्षा मागत, एका गावात एकच रात्र काढत शंभर योजनं चालावं, किंवा विहीर खणावी असंही लिहिलं आहे. तुम्ही मुळात बारीक असाल, वजन आपोआप घटत असेल, तर ही वाट तुमची नाही. तुम्हाला आधी डॉक्टर आणि मग हलका व्यायाम.

पहिली पायरी: बूट घालण्याआधी

तुमचं वय चाळिशीपार असेल, रक्तदाब असेल, जिना चढताना छाती भरून येत असेल, तर डॉक्टरांना “मी व्यायाम सुरू करतो आहे” असं स्पष्ट सांगा. हृदयाची तपासणी लागेल का ते त्यांना ठरवू द्या. डोळ्यांच्या पडद्याची तपासणी मात्र प्रत्येकाने करून घ्यायची, त्रास नसला तरी. पडद्यावर नाजूक नव्या रक्तवाहिन्या वाढल्या असतील तर जोर लावून वजन उचलणं, श्वास कोंडून धरणं, डोकं खाली करायची आसनं यांनी आत रक्तस्राव होऊ शकतो. शीर्षासन शिकवणारा वर्ग लावण्याआधी ही तपासणी हवीच.

मग आपल्या गोळ्यांची नावं वाचा. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड यांपैकी काही असेल किंवा इन्सुलिन असेल, तर व्यायामात साखर धोक्याइतकी खाली जाऊ शकते. नुसती मेटफॉर्मिन घेणाऱ्याला हा धोका क्वचितच असतो. डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन असेल तर लघवी जास्त होते, त्यामुळे उन्हात चालताना पाणी कमी पडू देऊ नका. इन्सुलिन घेणाऱ्यांनी चालायला निघण्याच्या तोंडावर मांडीत सुई टोचू नये. चालणाऱ्या पायातून ते लवकर रक्तात उतरतं.

आणि एक वही घ्या. तारीख, काय खाल्लं, किती चाललो, आधीची आणि नंतरची साखर. रोज पट्ट्या वापरणं खर्चिक आहे. आठवड्यातून दोन दिवस मोजलं तरी पहिल्या महिन्यात पुष्कळ कळतं.

दुसरी पायरी: बसणं मोडा (आठवडे १ आणि २)

पहिले दोन आठवडे ना पहाटेचा गजर, ना मॅट. दोनच गोष्टी करायच्या.

एक, दर अर्ध्या तासाने खुर्चीतून उठायचं. ऑफिसात असाल तर पाण्याची बाटली भरायला स्वतः जा, फोन आला की उभं राहून बोला. घरी मालिकेत जाहिराती लागल्या की स्वयंपाकघरापर्यंत दोन फेऱ्या. दोन-तीन मिनिटं पुरतात.

दुसरी म्हणजे शतपावली. हा शब्द आपल्या घरात आजोबांपासून चालत आलेला आहे. सुश्रुतसंहितेत ‘भुक्त्वा राजवदासीत’ असा श्लोक आहे: जेवल्यावर राजासारखं स्वस्थ बसावं, जेवणाचा शीण गेला की शंभर पावलं चालावं, मग डाव्या कुशीवर पडावं. शंभर पावलं म्हणजे जेमतेम एक मिनिट. आपण ती दहा मिनिटांवर न्यायची. सकाळच्या नाश्त्यानंतर जमलं नाही तरी दुपारच्या आणि रात्रीच्या जेवणानंतर हवीच, हात धुतल्यापासून अर्ध्या तासाच्या आत, कारण साखर चढते ती पहिल्या तास-दीड तासात. चाल गप्पा मारत फिरतो तशी. भरल्या पोटी धाप लागेल असं चालू नका.

रात्रीची शतपावली मला सगळ्यात मोलाची वाटते. आपल्याकडे रात्रीचं जेवण उशिरा आणि भरपेट होतं, आणि त्यानंतर लगेच अंथरूण. ही एक सवय मोडली तरी सकाळच्या आकड्यात हळूहळू फरक दिसू लागतो.

तिसरी पायरी: चालणं, पण अर्ध्या शक्तीने (आठवडे ३ ते ६)

आता शतपावलीशिवाय वेगळं चालायला लागा. वीस मिनिटांपासून सुरुवात करून सहाव्या आठवड्यापर्यंत तीस मिनिटं, आठवड्यातून पाच दिवस. म्हणजे आठवड्याची दीडशे मिनिटं होतात. जगभरचे मधुमेहतज्ज्ञ कमीत कमी एवढं सांगतात.

वेग किती? चरक-सुश्रुतांनंतरचे आयुर्वेदाचार्य वाग्भट, त्यांचा शब्द आहे अर्धशक्ती. आपल्या ताकदीच्या निम्म्यानेच व्यायाम करावा, तोही थंडीत आणि वसंतात. इतर ऋतूंत त्याहून कमी. आणि निम्मी ताकद ओळखायची कशी? सुश्रुत सांगतात, हृदयातला वायू तोंडाशी येऊ लागला की अर्धं बळ संपलं असं समजावं. म्हणजे नाकाने चाललेला श्वास तोंडाने घ्यावासा वाटू लागतो ती जागा. कपाळावर, नाकावर, काखेत घाम येतो, तोंडाला कोरड पडते. चालता चालता सोबत्याशी बोलता येतं, पण गाणं म्हणता येत नाही, असं आजचे डॉक्टर सांगतात तीही साधारण हीच जागा. मोजूनच पाहायचं तर मिनिटाला शंभर पावलं. एक मिनिट घड्याळ लावून मोजा, लय अंगात बसते.

पहिली पाच मिनिटं सावकाश, शेवटची पाच मिनिटं सावकाश. चालताना छातीत दाब, जबड्यात किंवा डाव्या हातात दुखणं, अचानक दम लागणं असं काही झालं तर थांबा आणि लगेच दवाखाना गाठा. मधुमेहात हृदयाचा त्रास न दुखताही येतो, त्यामुळे नुसता विचित्र थकवा आणि घामसुद्धा मनावर घ्यायचा.

पुष्कळ नवे लोक एका गोष्टीने घाबरतात. पहाटे उपाशीपोटी चालून आले, साखर मोजली, तर ती चढलेली. “चालून काय उपयोग?” म्हणून चालणंच सोडतात. पहाटे यकृत स्वतःहून रक्तात साखर सोडत असतं, आणि जोरात व्यायाम केला तर आणखी सोडतं. तो चढ तात्पुरता असतो. तासा-दोन तासांनी पुन्हा मोजा, आणि खरा हिशेब एचबीएवनसीवर, म्हणजे दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणाऱ्या रक्त तपासणीवर करा.

साखर खाली गेली तर

मधुमेह कळल्यावर वर्षभराने एका सकाळी मी ग्लिमेपिराइडची गोळी घेतली, नाश्ता आल्यावर करू म्हटलं आणि पुण्यातली पर्वतीची टेकडी चढायला गेलो. पर्वतीच्या पायऱ्या एकशे तीन. चढताना काही वाटलं नाही. वर कठड्याशी उभा राहिलो आणि हाताची बोटं थरथरू लागली. गार घाम फुटला, समोरची माणसं लांब गेल्यासारखी वाटली, आणि मनात उगाच चिडचिड दाटून आली. बाजूला बसलेल्या एका आजींनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि विचारलं, “साखरेचा त्रास आहे का हो तुम्हाला?” त्यांच्या प्रसादाच्या पुडीतले साखरफुटाणे त्यांनी माझ्या ओंजळीत ओतले. चघळत बसलो. दहा-पंधरा मिनिटांत जग पुन्हा जवळ आलं. त्या आजींचं नावही विचारायचं सुचलं नाही, त्याची खंत अजून आहे.

त्या दिवसापासून चार नियम पाळतो. ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन घेतल्यावर जेवण पुढे ढकलून व्यायामाला जायचं नाही. निघताना साखर १०० च्या खाली असेल तर आधी एक केळं किंवा पोळी खायची. खिशात ग्लुकोजची पुडी आणि नाव, औषधं, घरचा फोन लिहिलेली चिठ्ठी ठेवायची. डोंगरावर, पाण्यात, आडबाजूला एकट्याने जायचं नाही.

थरथर, गार घाम, धडधड, एकदम भूक, गोंधळ यांपैकी काही जाणवलं की जागच्या जागी बसा. साखर ७० च्या खाली असेल, किंवा मोजता येत नसेल तरी, तीन मोठे चमचे ग्लुकोज पाण्यात घालून प्या. पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा. अजून कमी असेल तर पुन्हा तेवढंच. वर आल्यावर थोडं जेवून घ्या. पेढा, चॉकलेट यांतल्या स्निग्धपणामुळे साखर सावकाश चढते, म्हणून त्यांच्यावर विसंबू नका. तुमच्या गोळ्यांत व्होग्लिबोज किंवा अकार्बोज असेल तर घरची साखरसुद्धा लवकर लागू पडत नाही, कारण तिचं पचनच ती गोळी अडवून ठेवते. अशांनी ग्लुकोजच जवळ बाळगायचं. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी धडधड जाणवत नाही, पण घाम येतोच, त्याच्याकडे लक्ष ठेवा. माणूस शुद्धीवर नसेल तर त्याच्या तोंडात काहीही घालू नये, सरळ रुग्णालयात न्यावं.

साखर फार वर असतानाही थांबायचं. ३०० च्या वर असेल तर त्या दिवशी जोराचा व्यायाम नको. २५० च्या वर असून मळमळ, ताप, खूप तहान असेल तर घरी विश्रांती आणि डॉक्टरांना फोन.

पायांची राखण

सुश्रुतांचं सगळं घ्या, अनवाणी चालणं तेवढं सोडा. बराच काळ साखर वाढलेली राहिली की तळपायाची जाणीव मंदावते, आणि हे ज्याचं त्याला कळत नाही. आमच्या चालण्याच्या गटातले एक काका नव्या सँडलने तीन दिवस चालले. चौथ्या दिवशी पायमोज्याला ओल दिसली तेव्हा टाचेवरचा फोड फुटून जखम झालेली. दुखलंच नव्हतं. ती भरायला अडीच महिने लागले.

रोज रात्री दोन मिनिटं द्या. तळवे उलटे करून पाहा. वाकवत नसेल तर खाली आरसा ठेवा किंवा घरच्यांना दाखवा. बोटांच्या बेचक्या कोरड्या करा. टाचांना तेल किंवा क्रीम लावा, बेचक्यांत नको. कुरूप झालं असेल तर ब्लेडने कापू नका. बूट संध्याकाळी विकत घ्या, कारण दिवसभरात पाय थोडे फुगलेले असतात. पुढे अंगठ्याइतकी जागा हवी. घालण्याआधी बूट उपडा करून झटका, आत हात फिरवून खडा नाही ना ते बघा. पायमोजे सुती, घट्ट इलॅस्टिक नसलेले. देवळात, हिरवळीवर, घरातसुद्धा अनवाणी नको. देवळाच्या तापलेल्या फरशीने पाय भाजलेली माणसं मी पाहिली आहेत. आषाढीच्या वारीला पायी जाणारे मधुमेही वारकरी असाल, तर नवे बूट दोन महिने आधी वापरून रुळवून ठेवा.

चौथी पायरी: ताकद (आठवडा ५ पासून)

साखरेची कोठी स्नायू असेल तर ती मोठी करणं शहाणपणाचं. चालण्याने कोठी रिकामी होते, ताकदीच्या व्यायामाने ती वाढते. पन्नाशीनंतर स्नायू आपोआप झिजतात, त्यामुळे हा भाग वयस्कांना जास्तच लागू आहे, आणि नेमके तेच तो टाळतात.

आठवड्यातून दोन-तीन दिवस, मध्ये एक दिवस सोडून. बिनहाताच्या खुर्चीवर बसा, हात छातीशी, आणि न टेकता उठा, सावकाश बसा. असं दहा वेळा. हीच आपली बैठक. गुडघे कुरकुरत असतील तर खुर्चीवर उशी ठेवून उंची वाढवा. मग भिंतीवर हात टेकून दहा जोर. मग ओट्याचा आधार घेऊन टाचा उचलणं, पंधरा वेळा. शेवटी दोन्ही हातांत पाण्याच्या भरलेल्या बाटल्या घेऊन कोपरातून वाकवणं, दहा वेळा. थोडं थांबून हे सगळं पुन्हा एकदा. जोर लावताना श्वास सोडायचा, कधीही कोंडायचा नाही. दहा सहज जमू लागले की बारा, मग पंधरा.

पाचवी पायरी: योगासनं (आठवडा ७ पासून)

इतक्या उशिरा का, असं वाटेल. माझं मत असं की चालून-उठून अंग मोकळं झालेला माणूस आसनं नीट शिकतो आणि टिकवतो. पहिल्याच दिवशी पश्चिमोत्तानासनात पायाचे अंगठे धरायला गेलेला माणूस आठ दिवसांनी कंबर धरून बसतो.

आसनांनी साखर कमी होते का? होते, बेताने, आणि औषध-आहाराच्या जोडीला. उभ्याची आसनं स्नायूंना कामाला लावतात, आणि सावकाश श्वास, शवासन, शांत झोप यांनी ताण उतरतो. ताणाच्या काळात कॉर्टिसॉल आणि अॅड्रिनलिन यकृताला साखर सोडायला लावतात, म्हणून ताण उतरण्यालाही औषधाइतकाच मान द्यावा. पण अमुक आसनाने स्वादुपिंड दाबलं जाऊन जागं होतं, हे मला मान्य नाही. स्वादुपिंड जठराच्या मागे, कण्यालगत असतं आणि ते दाबून इन्सुलिन बाहेर येत नाही. मंडूकासन करा, चांगलं आसन आहे, पण त्याच्याकडून चमत्काराची अपेक्षा नको. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम काढलं ते योगक्रियांवर क्ष-किरण आणि दाबमापक लावून प्रयोग करण्यासाठी. योगाला मोजून पाहण्याची ती परंपरा आपली आहे. तुमचं ग्लुकोमीटर हे त्याच परंपरेतलं.

सकाळी पोट रिकामं असताना किंवा जेवणानंतर तीन-चार तासांनी, सतरंजीवर, पंचवीस मिनिटं. जेवणानंतर लगेच चालतं ते फक्त वज्रासन, तेही गुडघे साथ देत असतील तर.

सुरुवात ताडासनाने, तीन श्वास. मग उत्कटासन: पाठ भिंतीला टेकवून, अदृश्य खुर्चीवर बसल्यासारखं खाली या, मांड्या तापेपर्यंत थांबा. पाच श्वास, दोनदा. मग वीरभद्रासन दोन्ही बाजूंनी. मांडी आणि नितंब हे शरीरातले सगळ्यात मोठे स्नायू, म्हणून मधुमेहात मी या उभ्या आसनांना पहिला मान देतो. पालथं होऊन भुजंगासन, नाभी जमिनीलाच टेकलेली. उताणं होऊन सेतुबंधासन आणि पवनमुक्तासन.

मग वक्रासन, हे जरा नीट समजून घ्या. दोन्ही पाय समोर पसरून ताठ बसा. उजवा पाय दुमडून तळवा डाव्या गुडघ्याशेजारी ठेवा. उजवा हात पाठीमागे, कण्यापासून वीतभर अंतरावर टेका. श्वास घेत कणा उंच करा, सोडत उजवीकडे वळा आणि डावा हात उजव्या गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला आणा. आधी पोट वळतं, मग छाती, मान सगळ्यात शेवटी. नवशिके मान आधी वळवतात आणि पाठ तशीच राहते. पाच श्वास, मग दुसरी बाजू. हे सरावलं की अर्धमत्स्येंद्रासनाकडे जाता येतं.

सूर्यनमस्कारांची ओढ मराठी माणसाला असतेच. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांचा घराघरात, शाळांत प्रसार केला. बाराही स्थितींत सगळं अंग राबतं, म्हणून मधुमेहाला उत्तमच. आठवडा ९ पासून तीन घाला, दर आठवड्याला एक-दोन वाढवा. अर्धशक्तीची खूण इथेही तीच. डोळ्यांच्या पडद्याचा त्रास, अनावर रक्तदाब, हर्निया असेल तर नको. त्यांच्यासाठी खुर्चीवरचे सूर्यनमस्कार आहेत.

शेवटी अनुलोम-विलोम पाच मिनिटं, श्वास न कोंडता, भ्रामरीची पाच आवर्तनं आणि पाच मिनिटं शवासन. कपालभाती मी नवशिक्यांना सांगत नाही. रक्तदाब, हृदयविकार, हर्निया, डोळ्यांचा पडदा यांपैकी काही असेल तर ती टाळावीच, आणि नसेल तरी जाणत्या शिक्षकासमोर शिकावी.

शिक्षक निवडताना एक कसोटी लावा. त्यांनी तुमच्या औषधांची, डोळ्यांची, पायांची चौकशी केली का? “गोळ्या बंद करा, योगाने जाईल” असं म्हणणाऱ्याकडे दुसऱ्या दिवशी जाऊ नका. माझ्या एका नातेवाइकाने एका शिबिरातून आल्यावर गोळ्या सोडल्या. दीड महिन्याने साखर ३८० वर गेली तेव्हा घरच्यांना कळलं.

पाऊस, उपवास आणि पाहुणे

पावसात चालणं बंद पडतं आणि गणपतीपर्यंत बंदच राहतं. त्यासाठी आधीच ठरवून ठेवा: इमारतीचा जिना, गॅलरी, नाहीतर घरातल्या घरात दोन खोल्यांमधून वीस मिनिटं. ओल्या बुटात पाय घालू नका.

चतुर्थी-एकादशीला गोळीचं काय करायचं ते डॉक्टरांना आधीच विचारा. दिवसभर पोट रिकामं आणि त्यावर तासभर चालणं धोक्याचं, तर साबुदाण्याची खिचडी खाऊन झोपणं साखर चढवणारं. खिचडी खाल्लीच तर वाटी लहान आणि शतपावली दुप्पट. उपवासाच्या दिवशी सूर्यनमस्कार नको, प्राणायाम आणि हलकी चाल पुरे.

लग्नाचं, सणाचं जेवण झालं तर अपराधी वाटून दुसऱ्या दिवशी दुप्पट व्यायाम करू नका. त्याच दिवशी, त्याच जेवणानंतर मांडवाभोवती पंधरा मिनिटं फिरून या.

वैद्यांकडून काढे-चूर्ण घेत असाल तर त्यांना तुमच्या गोळ्या आणि डॉक्टरांना तुमची चूर्णं माहीत असू द्या. वाग्भटांनी प्रमेहात आवळा आणि हळद श्रेष्ठ म्हटली आहे आणि ती आपल्या स्वयंपाकात असतातच. पण साखर उतरवणारी दोन औषधं एकत्र आली आणि वर व्यायाम वाढला, तर ती नको तितकी उतरू शकते.

बाराव्या आठवड्यानंतर

एचबीएवनसीची तपासणी करा. ती मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी दाखवते, त्यामुळे तुमच्या बारा आठवड्यांचा हिशेब तिच्यात उतरलेला असेल. डॉक्टरांकडे जाताना रिपोर्टसोबत वही न्या. व्यायामाच्या दिवशी साखर किती, खाड्याच्या दिवशी किती, थरथर कधी आणि कुठली गोळी घेतल्यावर झाली, ही पानं उघडून समोर ठेवा. गोळी कमी करायची, बदलायची की तशीच ठेवायची हे त्या पानांवरून ते ठरवतील. आणि निघण्याआधी बूट-मोजे काढून “पाय तपासा” म्हणून सांगा. गर्दीच्या ओपीडीत ते आपण म्हटल्याशिवाय राहून जातं.